ऐतिहासिक वेशभूषा : खेळ की अभ्यास?

संगणकावर खेळण्यात मुलांचा वेळ फुकट जातो, अशी वडीलधाऱ्यांची तक्रार नेहमी कानी पडते. ती सर्वस्वी खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु खेळ खेळणे निराळे आणि खेळासाठी काही घडविणे निराळे. हा भेद आमच्या ध्यानात आला तो एका लुगड्यामुळे. त्याची हकिगत सांगून, तीवरून सुचलेला विचार वाचकांपुढे मांडण्याचे येथे योजिले आहे.

‘द सिम्स’ नावाचा खेळ २००० साली निघाला. त्यात लढाई नाही, शर्यतही नाही. पडद्यावरील माणसे घर बांधतात, नोकरी करतात, स्वयंपाक करतात, भांडतात आणि झोपी जातात. त्याची चौथी आवृत्ती २०१४ साली आली. तिच्यातील माणसांना आपण स्वतः तयार केलेले कपडे घालता येतात. जगभरचे हौशी लोक अठराव्या शतकातील फ्रेंच व इंग्रज स्त्रियांचे झगे त्यासाठी मोठ्या कसोशीने बनवितात. ते पाहून आम्हां मित्रमंडळींना वाटले की, त्याच शतकातील आपल्या मुलखातील एक स्त्री आपणही का उभी करू नये? जामसांवलीच्या या परिसरावर त्या शतकात आधी देवगडच्या गोंड राजांची आणि मग नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. विषय घरचाच होता.

आम्ही खेळातील एक तयार युरोपीय झगा आधारास घेतला. त्याला झळझळीत जांभळा रंग दिला, चोहीकडे जरीचे काठ रंगविले आणि दूरचित्रवाणीवरील मालिकांत दिसतात तसे दागिने चढविले. बाहुली मोठी शोभिवंत दिसू लागली. अभिमानाने ती आमच्यापैकी एकाच्या आजींना दाखविली. त्या जन्मभर नऊवारी नेसलेल्या. क्षणभर पाहून म्हणाल्या, “काहो पोट्टेहो, हिचा काष्टा कुठी गेला? अशी गुंडाळून वावरात निंदाले कशी बसन थे?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. मग आम्ही शोध घेऊ लागलो, आणि पहिली चूक मुळातच झाल्याचे कळले. युरोपातील झगा शिवलेला असे. दरबारी झग्याला दोन्ही बाजूंस फुगीर आकार यावा म्हणून आत वेताचा किंवा देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्यांचा सांगाडा बांधीत. लुगडे शिवलेले नसते. नऊ वारांचे, म्हणजे सुमारे आठ मीटरांचे ते अखंड वस्त्र दोन्ही पायांभोवती निरनिराळे फिरते, आणि मधला भाग मागे खोचला की काष्टा होतो. म्हणूनच ते नेसून वाकता येते, उकिडवे बसता येते, ओढा ओलांडता येतो.

खेळातील कपडा म्हणजे बिंदुरेषांची एक जाळी असते. ती बाहुलीच्या अदृश्य सांगाड्याला जोडलेली असते; हाड हलले की जाळी हलते. झग्याच्या घेराची जाळी दोन्ही पायांना मिळून एकच. लुगड्याला मात्र प्रत्येक पायासाठी निराळी हवी. तेव्हा आम्ही झगा टाकून दिला, विजारीची जाळी आधारास घेतली आणि ‘ब्लेंडर’ या साधनाने तीवर एकेक निरी कोरली. त्यासाठी आजींनी तीन वेळा लुगडे नेसून दाखविले. आता बाहुली खाली बसली, तरी वस्त्र विद्रूप होत नाही.

दुसरी चूक रंगाची. तसला जांभळा रंग पर्किन या इंग्रज तरुणाने १८५६ साली प्रथम रसायनांतून काढला. त्यापूर्वी आलीच्या मुळ्यांचा लाल, निळीचा निळा, करडईच्या फुलांचा कुसुंबी असे रंग होते. चोळीला पुढे गाठ असे, पुरुषांच्या अंगरख्याला बंद असत. दरबारी वेशासाठी जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यास काढलेली सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे उपयोगी पडतात. परंतु शेतात राबणाऱ्या स्त्रीला समोर बसवून कोणी चित्र काढले? तिच्यासाठी हातमागाचे जाडेभरडे सुती लुगडेच योग्य. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा ही आपली गावे अशा विणकामासाठी ओळखली जात.

कोणी म्हणेल, खेळच तो. चुकले तर बिघडले काय? आमच्या मते पुष्कळ बिघडते. इतिहासाचे पुस्तक परीक्षेपुरते उघडले जाते. खेळातील चित्र रोज डोळ्यांपुढे असते, आणि रोज दिसणारे हळूहळू खरे वाटू लागते. त्यात केवळ पैठणी आणि दागिनेच दिसले, तर निंदणारी, सूत कातणारी, पाणी वाहणारी स्त्री त्या शतकात नव्हतीच, असे उद्याची मुले समजतील. अठराव्या शतकातील युरोपीय झगासुद्धा आपल्या विणकरांवाचून पुरा होत नव्हता. हिंदुस्थानातील छिटाचे कापड तेथे इतके आवडते झाले की, फ्रान्सने १६८६ पासून १७५९ पर्यंत त्यावर बंदी घातली आणि इंग्लंडनेही १७०० व १७२१ साली तसे कायदे केले. असे कापड घडविणाऱ्या लोकांच्या वंशजांनी आपल्या बाहुलीला परका झगा घालून वर जरीचा काठ रंगवावा, हे लाजिरवाणे नव्हे काय?

विद्यार्थिमित्रहो, जामसांवलीच्या हनुमंताच्या दर्शनास येणाऱ्या गर्दीत काष्टा नेसलेल्या वृद्ध स्त्रिया अद्याप दिसतात. पण दरवर्षी थोड्या कमी. नेसण्याची ती रीत त्यांच्या हातांत आहे, आणि पुस्तकावरून ती पुरती शिकता येत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. तेव्हा येत्या सुटीत खेळ अवश्य खेळा; मात्र त्याआधी घरातील आजीजवळ बसा, पेटीतील जुने लुगडे काढावयास सांगा, आणि ती ते कसे नेसते हे नीट पाहून घ्या.