ओळखीशिवाय खाते उघडू नये

पूर्वी बँकेत खातं उघडायचं म्हणजे ओळख लागायची. ओळख म्हणजे जुन्या खातेदाराची फॉर्मवर सही. 'ह्या गृहस्थांना मी ओळखतो' असं कुणी लिहून दिल्याशिवाय आम्ही कारकून मंडळी नव्या पासबुकाला हात लावत नव्हतो. आता आधार आणि पॅन कार्ड आलं, सही गेली. माणसांचं एक वेळ चालेल. पण घरात सात वर्षांची जुनी खातेदारीण बसलेली असताना तिच्या सहीवाचून नवं मांजर आत घ्यायचं, ह्याला माझा सक्त विरोध आहे.

माझं भांडण आहे ते 'घेतात हो जुळवून' पक्षाशी. ह्या पक्षाची शाखा प्रत्येक सोसायटीत असते. नवी सून आली? घेतात हो जुळवून. दोन बँकांचं विलीनीकरण झालं? घेतात हो जुळवून. (ते जुळवून घेणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या शाखेत अजून 'त्यांचे' आणि 'आपले' डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडतात.)

गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये स्कूटरखाली एक पिल्लू सापडलं. दोन महिन्यांचं असेल. ओलंचिंब. हिनं पदराखाली धरून वर आणलं आणि 'चिल्लर' असं नाव ठेवलं. वरच्या मजल्यावरचे काका लगेच हजर. म्हणाले, "सोडा दोघांना एका खोलीत. दोन फटके खाईल, शिकेल!" मी कॉमर्सचा पदवीधर. काकांचं ऐकलं.

आमच्या ठमाबाईंनी काय केलं? फटके मारलेच नाहीत. एकदा फिस्कारल्या, शेपटीचा ब्रश केला, आणि कपाटावरच्या बॅगांमागे जाऊन बसल्या. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. वाटीला तोंड नाही. "मानी आहे हो," काका म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिला पिशवीत घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही खाडाखोड केलेल्या चेककडे पाहतो. मांजरानं काही दिवस अन्न सोडलं तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि त्यातून जीवही जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. लठ्ठ मांजराला तर धोका जास्त. आणि ठमाबाई लठ्ठ आहेत.

तिला सलाईन लावलेलं असताना मी बाहेरच्या बाकावर बसून 'जुळवून घेतात' ह्या शब्दांचा विचार केला. कोण घेतं? नेहमी तेच, ज्याला बोलता येत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. मांजर माणसासारखं तोंड पाहून ओळखत नाही, वासानं ओळखतं. दाराच्या चौकटीला गाल घासतं, तेव्हा ते लाड करत नसतं. सात-बाराच्या उताऱ्यावर नाव चढवत असतं. म्हणून पिल्लू आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं. त्याला लस टोचेपर्यंत आणि रोगराई नाही हे ठरेपर्यंत तर ठेवायचंच. मग एकाच्या अंगावरून फिरवलेला टॉवेल दुसऱ्याजवळ ठेवायचा. बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या वाट्या, रोज वीतभर जवळ. मग दार बोटभर उघडं. फिस्कारलं तर रागवायचं नाही, ते मांजराचं 'जरा लांब व्हा' आहे. खरी मारामारी जुंपली तर मध्ये हात मुळीच घालायचा नाही. आणि दोन मांजरांना मातीचे ट्रे तीन. आमच्या वन बीएचकेत आता माणसांपेक्षा मांजरांची शौचालयं जास्त आहेत.

हे ऐकून काका पोट धरून हसले. "अहो, आमच्या गावच्या वाड्यात सात मांजरं होती. कुणी टॉवेल हुंगवले?"

काका, वाड्यात माळा होता. गोठा होता, परसू होतं, वर कौलं होती. ज्या मांजराला दुसऱ्याचं तोंड पाहायचं नसेल ते माळ्यावर जाई. आमच्याकडे चौथा मजला, खिडक्यांना ग्रिल आणि एक कपाट. आणि त्या सातांपैकी वर्षानं किती उरत, हे तुमच्या आजीला कधी विचारलंत? पाच गेली की पाच नवी येत, म्हणून बेरीज जुळत होती. अशी बेरीज आमच्याकडे जुळवली तर चौकशी लागते.

हे सगळं मी जिन्यात मोठ्यांदा बोललो. हिनं मागून सदरा ओढला.

मग चिल्लर बेडरूममध्ये, आम्ही दोघं हॉलमध्ये सतरंजीवर, असे दिवस काढले. चौथ्या दिवशी ठमाबाईंनी चिल्लरचा टॉवेल हुंगला आणि त्याच्यावर पाय देऊन पुढे गेल्या. नवव्या दिवशी दाराशी बसून सगळी वाटी चाटली. एकोणिसाव्या दिवशी पिल्लू फटीतून आलं, शेपटीला झोंबलं, आणि त्याला नखं आत घेतलेली एक टपली मिळाली. सही झाली! काउंटरसमोर लांब रांग असतानासुद्धा मी कधी एवढा खूष झालो नाही.

त्या रविवारी काका साखर मागायला आले. पलंगाच्या एका टोकाला ठमाबाई, दुसऱ्या टोकाला चिल्लर, आणि दोघांची पाठ एकमेकांकडे. काकांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "बघा, म्हणालो नव्हतो? घेतलं की नाही आपोआप जुळवून!"

हिनं माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला.