मोटारीविना मिसिसॉगा

टोरांटोला निघालेला भारतीय प्रवासी पिअर्सन विमानतळावर उतरतो, तेव्हा प्रत्यक्षात तो टोरांटोत उतरलेलाच नसतो. या विमानतळाचा बहुतांश भाग मिसिसॉगा या शेजारच्या शहराच्या हद्दीत आहे. विमानतळावरून टोरांटोच्या युनियन स्थानकात जाण्यासाठी २०१५ पासून दर पंधरा मिनिटांनी खास रेल्वेगाडी सुटते आणि पंचवीस मिनिटांत पोहोचवते. ज्या शहराच्या जमिनीवर विमानतळ उभा आहे, त्या शहराच्या मध्यभागी जायचे असेल तर मात्र बस धरावी लागते. सात लाखांहून अधिक वस्तीच्या आणि लोकसंख्येत कॅनडात सातव्या क्रमांकावर असलेल्या या शहराची अडचण अशी पहिल्या तासातच प्रवाशाच्या लक्षात येते.

हा केवळ पर्यटकाचा प्रश्न असता, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण २०२१ च्या जनगणनेनुसार मिसिसॉगातील साधारण एक चतुर्थांश रहिवासी दक्षिण आशियाई वंशाचे आहेत. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत आणि त्यांच्याकडे भारतातून आई-वडील राहायला जात असतात. कॅनडा सरकारने डिसेंबर २०११ मध्ये आई-वडील व आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला आणि जुलै २०२२ पासून या व्हिसावर सलग पाच वर्षांपर्यंत राहण्याची मुभा दिली. महिना-दीड महिन्याची भेट आता काही घरांत वर्षांचा मुक्काम झाली आहे. मुलगा आणि सून सकाळी कामाला जातात, मोटार त्यांच्याबरोबर जाते. मागे राहणाऱ्या साठी-सत्तरीतील माणसाने पुण्यात, नाशकात किंवा डोंबिवलीत आयुष्यभर बसने, लोकलने प्रवास केलेला असतो. तिकडे उजव्या बाजूने मोटार चालवायला या वयात तो शिकेल, ही शक्यता कमीच. त्याला हे शहर एकट्याने पाहता येते का, यावर त्याचा मुक्काम सुखाचा होतो की चार भिंतींत कोंडल्यासारखा, हे बऱ्याच अंशी ठरते.

या अडचणीचे मूळ शहराच्या जन्मकथेत आहे. टोरांटोच्या पश्चिमेला शेतजमिनी, फळबागा आणि तुरळक खेडी होती. १९६८ मध्ये त्यांचे एक नगर झाले आणि १९७४ मध्ये पोर्ट क्रेडिट व स्ट्रीट्सव्हिल ही दोन जुनी गावे सामील करून मिसिसॉगा शहर स्थापन झाले. स्ट्रीट्सव्हिलचा या विलीनीकरणाला विरोध होता. त्या विरोधात आघाडीवर असलेल्या, गावाच्या माजी महापौर हेझेल मॅकॅलियन १९७८ मध्ये नव्या शहराच्या महापौर झाल्या आणि २०१४ पर्यंत, म्हणजे तब्बल ३६ वर्षे त्या पदावर राहिल्या. २०२३ च्या जानेवारीत वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीत शेते संपत गेली आणि घरे उभी राहिली. नव्या बांधकामांवरील शुल्काच्या बळावर नागरिकांवरील करही दीर्घकाळ कमी ठेवता आला. पण ही सारी वाढ मोटार गृहीत धरून झाली. जुन्या शेतांच्या मोजणीरेषांवर रुंद हमरस्ते आले. त्यांच्या मधल्या चौकोनांत वळणावळणाच्या गल्ल्या आणि घरे आली आणि अनेक घरांची पाठ हमरस्त्याकडे राहिली. बस धावते हमरस्त्यावरून. नकाशात शंभर पावलांवर दिसणारा थांबा गाठायला गल्लीबोळांतून दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते. जानेवारीच्या हिमात तीच दहा मिनिटे वृद्ध माणसाला पुरेशी जड असतात.

शहराचे ‘केंद्र’ म्हणून जे ओळखले जाते, तेही एका बाजारपेठेभोवती उभे राहिले. १९७३ मध्ये मोकळ्या शेतांच्या मधोमध ‘स्क्वेअर वन’ हे बंदिस्त व्यापारसंकुल सुरू झाले. शहर नंतर त्याच्या आसऱ्याला आले. आज ते ओंटारिओ प्रांतातील सर्वांत मोठे मॉल आहे आणि शहराचे मुख्य बसस्थानक त्याला लागूनच असल्याने कोठूनही निघालेला बसप्रवासी बहुधा येथे येऊन पोहोचतोच. पलीकडे १९८७ मध्ये पूर्ण झालेली नगरपालिकेची इमारत आहे. एडवर्ड जोन्स आणि मायकेल कर्कलंड या वास्तुरचनाकारांनी तिचे भाग शेतघर, धान्याचे कोठार, धान्याची उंच टाकी आणि पवनचक्की यांच्या आकारांवरून कल्पिले. जे शेत पुसून शहर झाले, त्याची आठवण नगरपालिकेने अशी काँक्रीट आणि विटांत जपली आहे. समोरच्या सेलिब्रेशन चौकात हिवाळ्यात बर्फावर स्केटिंग आणि उन्हाळ्यात निरनिराळ्या समाजांचे उत्सव चालतात. तेथून चालत गेले, की ‘अ‍ॅब्सोल्यूट वर्ल्ड’चे ५६ आणि ५० मजल्यांचे दोन मनोरे दिसतात. चिनी वास्तुरचनाकार मा यानसाँग यांच्या संस्थेने रचलेले, कमरेत पिळल्यासारखे दिसणारे हे मनोरे २०१२ मध्ये पूर्ण झाले आणि लोकांनी त्यांना मेरिलिन मन्रोचे नाव देऊन टाकले. हा सारा भाग पायी पाहता येतो. संपूर्ण मिसिसॉगात असे म्हणता येईल अशी ठिकाणे मोजकीच आहेत.

उरलेली ठिकाणे कोणती, हे पाहिले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ती सारी मोटारीच्या आधीची आहेत. ओंटारिओ सरोवराच्या काठचे पोर्ट क्रेडिट हे त्यांतले सर्वांत सोपे. ‘गो’ या प्रांतिक सेवेची पहिली रेल्वे १९६७ मध्ये सरोवराच्या काठाने सुरू झाली. युनियन स्थानकातून या मार्गाच्या पश्चिमेकडील गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास पोर्ट क्रेडिट येते. गाड्या दिवसभर, रविवारीसुद्धा चालतात. स्थानकातून उतरून थोडे चालले, की क्रेडिट नदीचे मुख, दीपगृह, होड्यांचा धक्का आणि एका रांगेतली लहान दुकाने लागतात. शरद ऋतूत सामन मासे याच नदीतून वर चढतात. युरोपीय व्यापारी येथील मूळ रहिवाशांना पुढच्या हंगामातील कातड्यांच्या बोलीवर उधार माल देत, त्यावरून नदीला ‘क्रेडिट’ हे नाव पडले. ते रहिवासी म्हणजे मिसिसॉगा लोक. १८४७ मध्ये त्यांना नदीकाठ सोडून दक्षिणेकडे दूर जावे लागले. शहराला त्यांचे नाव मिळाले, ते त्यानंतर सव्वाशे वर्षांनी.

पोर्ट क्रेडिटच्या पुढचे स्थानक क्लार्कसन. या स्थानकाभोवतीचा अफाट वाहनतळ पाहिला, की रेल्वे कोणासाठी आखली गेली ते कळते: मोटारीने स्थानकापर्यंत येऊन टोरांटोला कामाला जाणाऱ्यांसाठी. उलट दिशेने येणारा पाहुणा त्या हिशेबात नव्हता. तरीही मराठी माणसाने येथे उतरावे, याला एक खास कारण आहे. स्थानकापासून बसने किंवा अर्ध्या तासाच्या चालीवर एक जुना वाडा आहे. त्याचे नाव ‘बनारस’. आज दिसणारी वास्तू १८५७ च्या सुमाराची असून हॅरिस कुटुंबाच्या चार पिढ्या तेथे नांदल्या. आता ते शहराचे संग्रहालय आहे. गंगाकाठचे नाव ओंटारिओत पोहोचले, ते ब्रिटिश साम्राज्याच्या वाटेने.

योगायोग येथेच संपत नाही. माझो द ला रोश ही कॅनेडियन लेखिका या परिसरात राहत असे आणि तिच्या गाजलेल्या कादंबऱ्यांमधील घराची कल्पना तिला या वाड्यावरून सुचली, असे सांगितले जाते. १९२७ मध्ये अमेरिकेतील ‘अटलांटिक मंथली’ मासिकाचे दहा हजार डॉलरचे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कादंबरीचे नाव आहे ‘जालना’. होय, आपला मराठवाड्यातला जालना. निजामाच्या राज्यातील जालना ही एके काळी ब्रिटिशांची लष्करी छावणी होती. कादंबरीतला कॅप्टन फिलिप व्हाइटओक त्या छावणीत असताना त्याची आणि त्याच्या पत्नीची भेट होते आणि कॅनडात बांधलेल्या घराला ते त्या गावाचे नाव देतात. या मालिकेच्या १९६० पर्यंत सोळा कादंबऱ्या निघाल्या. मोसंबीच्या बागा आणि बियाण्यांच्या कंपन्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याचे नाव कॅनडात तीन-चार दशके घरोघरी होते, हे जालन्यात तरी किती जणांना माहीत असेल, कोण जाणे. संग्रहालय रोज उघडे नसते, त्यामुळे वेळ पाहूनच निघावे. तेथून सरोवराकडे परतताना रॅट्रे मार्श हा पाणथळ राखीव भागही पाहण्यासारखा आहे.

स्ट्रीट्सव्हिलची गोष्ट मात्र वेगळी आणि अधिक बोधक आहे. क्रेडिट नदीच्या वरच्या अंगाचे हे गाव आपली जुनी मुख्य पेठ अजून राखून आहे. गावात रेल्वे स्थानकही आहे, १९८१ पासून ‘गो’ची मिल्टन गाडी तेथे थांबते. पण ही गाडी कामाच्या दिवशी सकाळी टोरांटोकडे जाते आणि सायंकाळी परतते. सकाळी टोरांटोहून निघून रेल्वेने स्ट्रीट्सव्हिल पाहायला जाता येत नाही, शनिवार-रविवारी तर नाहीच. बसचाच आश्रय घ्यावा लागतो. कारण सरळ आहे. सरोवरकाठचे रूळ मिसिसॉगाच्या हद्दीत ‘मेट्रोलिंक्स’ या प्रांतिक संस्थेच्या मालकीचे आहेत. मिल्टन मार्गाचे रूळ एका खासगी मालवाहू रेल्वे कंपनीचे आहेत आणि तेथे मालगाड्यांना पहिला मान आहे. एकाच शहरातील दोन रेल्वेमार्ग, एकावर दिवसभर गाड्या आणि दुसऱ्यावर दुपारी शुकशुकाट, हा फरक प्रवासीसंख्येने नव्हे, तर रूळ कोणाचे यावरून पडला आहे.

याच मालवाहू मार्गाने मिसिसॉगाला एकदा जगाच्या नकाशावर आणले होते. १० नोव्हेंबर १९७९ च्या मध्यरात्रीच्या सुमारास १०६ डब्यांची मालगाडी मेव्हिस रस्त्याजवळ रुळांवरून घसरली. एका डब्याच्या आसाचे बेअरिंग तापून निकामी झाले होते. प्रोपेनच्या टाक्यांचे स्फोट झाले. शेजारीच क्लोरीन वायूची टाकी फुटलेली होती. दोन लाखांहून अधिक माणसे घराबाहेर काढावी लागली आणि एकही जीव गेला नाही. मॅकॅलियन यांचे नाव देशभर झाले ते या प्रसंगाने. ज्या रुळांवरून ती गाडी गेली, त्यांच्यावरून दिवसभर प्रवासी गाड्या सुरू व्हाव्यात ही मागणी जुनी आहे. निवडणुकांच्या वेळी ती हमखास वर येते.

प्रवाशाच्या बाजूने गेल्या काही वर्षांत काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महामार्गालगत केवळ बससाठी बांधलेला अठरा किलोमीटरचा, बारा स्थानकांचा मार्ग २०१४ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. वाहतूक कोंडीतून तो बस सोडवतो. पण महामार्गाच्या कडेला असल्याने त्याची अनेक स्थानके घरांपासून दूर पडतात. सर्वांत मोठा बदल २६ फेब्रुवारी २०२४ रोजी झाला. तोपर्यंत मिसिसॉगाच्या ‘मायवे’ बसमधून किपलिंग येथे उतरून टोरांटोची भुयारी रेल्वे धरणाऱ्याला दोनदा भाडे द्यावे लागे. त्या दिवसापासून ठरावीक वेळेत केलेल्या अशा बदलासाठी दुसरे भाडे लागत नाही. मात्र ही सवलत ‘प्रेस्टो’ कार्ड किंवा बँकेचे कार्ड यंत्राला टेकवणाऱ्यालाच मिळते, रोख पैसे टाकणाऱ्याला नाही. भारतातून गेलेल्या आई-वडिलांना मुलांनी पहिल्या दिवशी काय द्यावे, असे कोणी विचारले तर ‘प्रेस्टो’ कार्ड हे उत्तर उबदार कोटाच्या खालोखाल यावे.

खरी कसोटी आहे ती ह्युरॉन्टारिओ रस्त्यावर. पोर्ट क्रेडिट स्थानक, मिल्टन मार्गावरील कुक्सव्हिल, मन्रो मनोरे आणि उत्तरेला ब्रॅम्प्टनची सीमा, हे सारे या एका रस्त्याने जोडले जाते. त्यावर हलकी रेल्वे बांधण्यासाठी प्रांतिक सरकारने २०१५ मध्ये पैसा मंजूर केला. त्याच वर्षी ब्रॅम्प्टनच्या नगरपरिषदेने आपल्या मुख्य रस्त्यावरून ही गाडी नेण्यास नकार दिला आणि मार्ग ब्रॅम्प्टनच्या जुन्या पेठेआधीच थांबला. २०१९ मध्ये खर्च वाचविण्यासाठी ‘स्क्वेअर वन’ भोवतीचा वळसाही वगळला गेला. २०२४ मध्ये प्रांतिक सरकारने हे दोन्ही तुकडे पुन्हा हाती घेण्याचे जाहीर केले. म्हणजे आधी कापायचे आणि मग पुन्हा जोडायचे, अशी ही नऊ वर्षांची कथा. बांधकाम २०२० मध्ये सुरू झाले. गाडी २०२४ च्या शरदात धावेल असे ठरले होते. तो मुहूर्त टळला आणि २०२५ संपतानाही प्रवासी गाडी सुरू झालेली नव्हती. मार्गाला नाव मात्र २०२२ मध्येच मिळाले आहे, ‘हेझेल मॅकॅलियन मार्ग’.

या घाईमागे आणखी एक कारण आहे. २०१६ मध्ये मिसिसॉगाची लोकसंख्या ७,२१,५९९ होती, ती २०२१ मध्ये ७,१७,९६१ झाली. वाढीसाठीच जन्मलेल्या शहराची वाढ या पाच वर्षांत थांबली. शेते उरली नाहीत, घरे महागली आणि तरुण कुटुंबे पुढे सरकली. त्याच काळात शेजारचे ब्रॅम्प्टन दहा टक्क्यांहून अधिक वाढून ६,५६,४८० वर गेले. आता मिसिसॉगाला वाढायचे असेल, तर वरच्या दिशेनेच वाढावे लागेल. ‘स्क्वेअर वन’च्या वाहनतळांच्या जागी मनोऱ्यांचे आराखडे आहेत, ते त्यामुळेच. अशा मनोऱ्यांत राहणाऱ्या प्रत्येक घरामागे दोन मोटारी उभ्या करणे हमरस्त्यांना पेलणारे नाही.

तोवर ह्युरॉन्टारिओवर खणलेल्या रस्त्याच्या कडेने बस चालू आहेत. सकाळी दहानंतर त्यांत कॉलेजचे विद्यार्थी, पाळी बदलून घरी निघालेले कामगार आणि हातात पिशवी घेतलेली वृद्ध दक्षिण आशियाई जोडपी दिसतात. कुक्सव्हिलला मिल्टनचे रूळ या रस्त्याला छेदून जातात. तेथे उतरून रेल्वे धरू, असा बेत दुपारी कोणी करू नये. टोरांटोकडे जाणारी पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी असते आणि तो दिवस शुक्रवारचा असेल, तर सोमवारी.