शिबिरात ‘नाही’, मेडिकलवर तीच गोळी: महिलांसाठीची औषध-जनजागृती यशस्वी झाली हे कसं ओळखायचं?

पाळीत पोट दुखलं की मेडिकलमधून गोळी आणायची. गौरी-गणपती किंवा घरातलं लग्न नेमकं त्याच तारखांना आलं की पाळी पुढे ढकलणारी गोळी घ्यायची. अनेक घरांत ही औषधं आई, बहीण किंवा मैत्रीण सुचवते. डॉक्टरांना विचारलं जात नाही.

यात धोका काय?

पाळीच्या वेदनांवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबाबत इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर 2023 मध्ये इशारा दिला होता. या औषधामुळे क्वचित ‘ड्रेस सिंड्रोम’ ही गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते. त्यात ताप आणि पुरळ येतं, यकृत किंवा किडनीवरही परिणाम होऊ शकतो. पाळी लांबवणारं नॉरएथिस्टेरॉन हे औषध, आधी रक्ताच्या गुठळ्या झालेल्या महिलांसाठी धोक्याचं ठरू शकतं.

म्हणूनच महिलांसाठी आरोग्य शिबिरं आणि व्याख्यानं घेतली जातात. पण त्यांचा उपयोग झाला की नाही, हे मोजायचं कसं?

फक्त मार्क पुरेसे नाहीत

सोपी पद्धत म्हणजे व्याख्यानाआधी आणि नंतर एकच प्रश्नावली भरून घेणं. ‘चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घ्यावं का?’ या प्रश्नाला नंतर बहुतेक जणी ‘नाही’ म्हणतात. पण यातून कळते ती माहिती, सवय नाही. शिवाय ताईंनी आत्ताच सांगितलेलं उत्तर त्यांच्यासमोर चुकवायला कोणालाच आवडत नाही.

त्यामुळे तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा विचारावं लागतं: गेल्या महिन्यात कोणती औषधं घेतली? कोणी सुचवली? घरात उरलेल्या गोळ्या दाखवता येतील का?

तुलनेसाठी शिबिर न झालेली वस्तीही हवी. समजा, शिबिर पावसाळ्यात झालं आणि पाहणी हिवाळा संपल्यावर. तापाची साथ ओसरल्याने गोळ्या आपोआप कमी झालेल्या असू शकतात. त्याचं श्रेय शिबिराला देता येत नाही.

गोळ्या कमी झाल्या, म्हणजे यश?

तसंही नाही. साध्या तापाला योग्य मात्रेत पॅरासिटामॉल किंवा जुलाबात ओआरएस घेणं चुकीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही जबाबदारीने घेतलेलं औषध हा स्वतःच्या काळजीचा भाग मानते.

मोठा प्रश्न पर्यायाचा आहे. दवाखाना लांब असेल, दिवसाची मजुरी बुडत असेल, पाळीबद्दल पुरुष डॉक्टरांशी बोलायला संकोच वाटत असेल, तर ‘डॉक्टरांकडे जा’ हा सल्ला कागदावरच राहतो. अशी महिला गोळी सोडते आणि दुखणं अंगावर काढते. अहवालात मात्र ‘स्वतःहून औषध घेणं घटलं’ अशी नोंद होते.

म्हणून ‘गोळी घेतली का?’ या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ‘गोळी घेतली नाही, तर मग काय केलं?’ कार्यक्रमामुळे तिला उपचार मिळाले की फक्त गोळी सुटली, हे या उत्तरातून कळतं.