वाट पाहायला चाळीस जण कशाला?

सौंसर-पांढुर्ण्याकडच्या संत्रा-व्यापाऱ्याचं एक लक्ष नेहमी सीमेपलीकडे असतं. माल मध्य प्रदेशातल्या बागेतला, पण नागपूरच्या कळमन्यात आणि वरूड-मोर्शीकडे काय चाललंय हे कळल्याशिवाय सौदा तुटत नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला, तरी ही ओढ तशीच आहे. त्यामुळे सकाळी दुकानातल्या संगणकावर जे उतरवून घ्यायचं, ते एका जागी मिळत नाही. मध्य प्रदेश मंडी बोर्डाचा सर्व्हर वेगळा, महाराष्ट्राच्या पणन मंडळाचा वेगळा, केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटचा वेगळा आणि हवामान खात्याचा आणखी वेगळा.

समजा, अशा चाळीस फायली आहेत. त्या उतरवणारा प्रोग्राम कसा लिहावा यावर दोन मतं हमखास ऐकू येतात. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिलं मत असं की, एकामागून एक उतरवा, घाई कसली? एका फायलीला तीन सेकंद धरले तर चाळिसांना दोन मिनिटं, तीही सगळे सर्व्हर शुद्धीवर असतील तर. एकाने मौन धरलं की मागच्या सगळ्यांचा खोळंबा. शिवाय त्या तीन सेकंदांत संगणक करतो काय? पत्ता विचारतो, जोडणी मागतो आणि मग नुसता वाट पाहतो. इथे घाई कोणी करत नाहीये. फुकट जाणारा वेळ वाचवा एवढंच म्हणणं आहे.

दुसरं मत जरा शिकलेल्यांचं: दर फायलीला एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत स्वतंत्र चालणारा एक कामकरी, लावा. चालतं की! चाळीस थ्रेडचं आजच्या यंत्राला काही ओझं नाही. थ्रेडचे विरोधक एक हिशेब नेहमी तोंडावर फेकतात की, लिनक्सवर एका थ्रेडच्या स्टॅकला आठ एमबी, म्हणजे हजार थ्रेडना आठ जीबी. हा हिशेब फसवा आहे. ते आठ एमबी म्हणजे राखून ठेवलेले पत्ते. खरी मेमरी वापराल तेवढीच खर्च होते. आपल्या बाजूचा म्हणून खोटा मुद्दा मी वापरणार नाही. माझी हरकत दुसरीच आहे. उतरलेल्या फायलींची मोजणी आणि भावांची यादी या दोन्हींना चाळीस थ्रेड हात लावतात, आणि ऑपरेटिंग सिस्टिम कुठल्याही क्षणी एकाला थांबवून दुसऱ्याला पुढे ढकलते. एका वेळी एकालाच हात लावू देणारं एक लॉक विसरलात तरी महिनाभर सगळं सुरळीत चालतं, आणि ऐन हंगामात एके सकाळी यादीतला एक भाव गायब होतो. अशी चूक पुन्हा घडवून दाखवणंसुद्धा कठीण.

बाजाराच्या यार्डात मापारी एका जागी बसतो आणि जी गाडी येईल तिचं माप घेतो. गाडी निघाली का हे बघायला तो बागोबाग माणसं बसवत नाही. इव्हेंट लूप हेच करतो. चाळीसही जोडण्या उघडायच्या आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेललाच विचारायचं की, यातल्या कोणावर काही आलंय? ही सोय जुनी आहे. बीएसडी युनिक्समध्ये सिलेक्ट १९८३ पासून आहे. त्यात दर वेळी सगळी यादी चाळावी लागे. पुढे फ्रीबीएसडीत केक्यू (२०००) आणि लिनक्समध्ये ईपोल (२००२) आले आणि फक्त तयार जोडण्यांचीच नावं मिळू लागली. एका यंत्राने दहा हजार ग्राहक कसे सांभाळावेत, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला होता. २००४ मध्ये आलेला एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर याच वाटेने गेला.

‘पण असा कोड वाचवत नाही’ ही तक्रार कॉलबॅकच्या, म्हणजे ‘उत्तर आलं की हे फंक्शन चालव’ असं सांगून ठेवण्याच्या, दिवसांत खरीच होती. २०१५ च्या पायथन ३.५ मध्ये असिंक-अवेट आलं, तेव्हापासून कोड वरून खाली सरळ वाचता येतो. वर अवेट जिथे लिहिलंय तिथेच काम दुसऱ्याच्या हाती जातं. दोन अवेटच्या मधे मोजणीला कोणी धक्का लावत नाही, त्यामुळे लॉकही नको.

आता आमच्याच बाजूचे काही भाबडे. लूपच्या आत मोठी झिप सोडवायला किंवा पीडीएफमधला मजकूर काढायला घेतलात, की उरलेल्या एकोणचाळीस जोडण्या ताटकळतात. सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणारं नेहमीचं फंक्शनही अडवून धरणारं असतं, आणि डिस्कवर लिहिण्याला ईपोलचा उपयोग नाही. ही कामं थोड्या थ्रेडच्या हाती सोपवावीच लागतात. नोडजेएसच्या पोटातली लिबयूव्हीसुद्धा त्यासाठी मुळात चार थ्रेड ठेवते. म्हणजे थ्रेडना हद्दपार करा असं माझं म्हणणंच नाही. त्यांना वाट पाहायला बसवू नका, काम द्या.

आणि ‘समांतर केलं की नेट वेगवान होतं’ हाही भ्रमच. लाइनची रुंदी आहे तेवढीच राहते. एक मोठी फाइल ती भरून टाकत असेल तर चाळीस जोडण्या उघडून काही मिळत नाही. उलट एकाच सरकारी सर्व्हरवर चाळीसही जोडण्या लोटल्या तर तो दार लावून घेतो, आणि त्यात त्याची चूक नाही. १९९९ च्या एचटीटीपी मानकात एका ग्राहकाने एका सर्व्हरशी दोनच कायम जोडण्या ठेवाव्यात अशी सूचना होती. ती २०१४ मध्ये काढली गेली, पण ब्राउझर आजही साधारण सहावर थांबतात. मी दोनच ठेवीन. दर जोडणीला ठरावीक मुदत देईन, आणि ४२९ (‘फार वेळा विचारलंत’) किंवा ५०३ (‘सध्या सेवा नाही’) असं उत्तर आलं तर तेवढ्या सर्व्हरपुरतं थांबून बाकीच्यांचं चालू ठेवीन. आणि एका सर्व्हरवरची एकच फाइल हवी असेल तर लूपही नको, थ्रेडही नको. कर्लची एक ओळ पुरते.