आधी भाकर, मग उपदेश

अंथरुणाला खिळलेल्या पतीची अहोरात्र सेवा करणाऱ्या एक ख्रिस्ती भगिनी परवा दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, कधी कधी वाटतं, देवानं आता सोडवावं; त्यांना, नाहीतर मला. माझी श्रद्धा कमी पडते का हो?” त्यांचा रक्तदाब वाढलेला होता, स्वतःच्या गोळ्या त्या आठवडाभर विसरल्या होत्या.

मी त्यांना एलीया संदेष्ट्याची आठवण करून दिली. बायबलमधील ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात तो थकून झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला दोष देत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. ४० दिवसांची वाटचाल त्यानंतरची.

थकवा म्हणजे अश्रद्धा नव्हे. आपण कुणाची शुश्रूषा करीत असाल, तर वेळेवर जेवा, आपली औषधे चुकवू नका, काही रात्री तरी जबाबदारी दुसऱ्यावर सोपवून झोपा. मरणाचे विचार मनात येत असतील, तर ते लपवू नका. लगेच डॉक्टरांना सांगा. आणि घरातील इतरांनो, अशा व्यक्तीला वचन ऐकवण्याआधी तिच्यापुढे ताट वाढून ठेवा.