सातशे, पण कशाचे?

दोस्तांनो, गणितात उत्तर बरोबर आलं पण पुढे 'मीटर' लिहायचं राहिलं, की बाई अर्धा मार्क कापतात. मग आपण कुरकुरतो, "आकडा तर बरोबरच होता ना!" आज अशाच एका आकड्याची गोष्ट सांगतो. गोष्ट दुःखाची आहे, पण तुम्ही मोठे आहात, ऐका.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचं ६०५ नंबरचं विमान मुंबईहून बंगलोरला निघालं होतं. एअरबस ए-३२० जातीचं, कोरं करकरीत. डिसेंबरमध्येच ताफ्यात आलेलं. आत १४६ माणसं. दुपारचा एक वाजलेला, समोर धावपट्टी स्वच्छ दिसत होती. अशा वेळी वैमानिक डोळ्यांनी धावपट्टी बघत विमान खाली आणतात. त्याला 'व्हिज्युअल अ‍ॅप्रोच' म्हणतात. तुम्ही म्हणाल, हे तर सोपंच! पण गंमत अशी, की तेव्हा डोळे काचेबाहेर असतात आणि आकडे राहतात आत.

वैमानिकांसमोरच्या पट्टीवर फिरवायची काही बटणं असतात. एका बटणानं सांगायचं, किती उंचीवर जायचं. ही उंची समुद्रसपाटीपासूनची, बरं का. त्याच्या शेजारच्या बटणानं सांगायचं, मिनिटाला किती फूट खाली यायचं. उतरताना विमान मिनिटाला साधारण चार किलोमीटर पुढे जातं. तेवढ्यात सातशे फूट खाली आलं, की उतार कसा छान, बेताचा पडतो. त्या दिवशी वैमानिकाला हेच हवं होतं : मिनिटाला सातशे फूट.

पुढे न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशी न्यायालयानं सगळं तपासलं. दोन्ही वैमानिक गेले होते, त्यामुळे हात कुठे गेला हे सांगणारं कुणी नव्हतं. पण सगळ्यात संभवनीय गोष्ट अशी निघाली, की सातशेचा आकडा चुकून उंचीच्या बटणावर फिरवला गेला. म्हणजे विमानाला सांगितलं गेलं, 'सातशे फूट उंचीवर जा.'

आता बघा. बंगलोर शहरच वसलंय समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फुटांवर! सातशे फूट म्हणजे तिथल्या जमिनीच्या २,२०० फूट पोटात. आमच्या मौद्यावरून कधी कधी विमानं दिसतात, त्यातली काही नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर उतरणारी असतात. तो विमानतळ सुमारे हजार फुटांवर. तिथंसुद्धा सातशे म्हणजे तीनशे फूट खोल गेलं, आपल्या कुठल्याही विहिरीच्या खाली! (रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत गावाची उंची लिहिलेली असते. ती मीटरमध्ये असते, तेव्हा फूट करायला सव्वातीननं गुणा.)

विमान बिचारं आज्ञाधारक. खाली जायला सांगितलंय ना, मग जोर कशाला? त्यानं इंजिनं मंद केली आणि ते घसरत निघालं. वेग कमी कमी होत गेला. वेगाचा आणि उंचीचा काटा कुणीतरी बघत राहायला हवं होतं, तेही झालं नाही, असं चौकशीत म्हटलं आहे. लक्षात आलं तेव्हा जमीन जवळ होती. इंजिनांना पुन्हा जोर धरायला काही सेकंद लागतात, तेवढे उरले नव्हते. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं आणि पेटलं. ९२ माणसं गेली, ५४ वाचली.

वैमानिकांना एका शब्दात बेफिकीर ठरवू नका. दोघेही अनुभवी होते. एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी, सारखीच फिरणारी दोन बटणं आणि दोन्हींवर 'सातशे' बसतं, यातच खरी मेख आहे.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ ला, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ असंच दुसरं ए-३२० रात्री डोंगरावर आदळलं. तिथं तर बटणही एकच होतं! त्यानं उताराचा कोन सांगता यायचा, नाहीतर मिनिटाला किती फूट ते. वैमानिकांना ३.३ अंशांचा उतार हवा होता, आणि विमान निघालं मिनिटाला ३,३०० फुटांनी, हव्या त्यापेक्षा जवळजवळ चौपट वेगानं. छोट्या पडद्यावर कोन असेल तर '३.३' दिसायचं आणि फूट असतील तर '३३'. फरक एका टिंबाचा. ८७ जण गेले, नऊ वाचले. त्यानंतर कंपनीनं पडदा बदलला. आता तिथं मिनिटाचे फूट पूर्ण चार आकड्यांत दिसतात, शेवटच्या दोन शून्यांसकट.