कच्चं खा, पण करकरीत खा

कच्च्या आहाराचा निश्चय सकाळी मोडत नाही, जेवतानाही मोडत नाही. तो मोडतो दुपारी चार ते सहाच्या दरम्यान. सकाळी फळं झालेली असतात, दुपारी ताटभर कोशिंबीर आणि मोडाचे मूग झालेले असतात. मग ऑफिसात कुणीतरी चिवड्याचा डबा उघडतं, कोपऱ्यावरच्या गाडीवर भज्यांचा घाणा पडतो आणि जिभेला खारट, कुरकुरीत काहीतरी हवंच असं वाटू लागतं. साखर सुटली, चहा सुटला, पण फरसाण सुटत नाही, असं सांगणारे अनेक जण मला भेटतात. त्यांना बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळालेला असतो: मन घट्ट करा.

हा सल्ला मला पटत नाही. खारट आणि कुरकुरीत खाण्याची इच्छा हा मनाचा दुबळेपणा नाही. तिला ठोस कारणं आहेत. ती दाबण्यापेक्षा नीट भागवावी, आणि कच्च्या आहारात राहूनही ती उत्तम भागते. मात्र त्यासाठी फरसाणाची कच्ची नक्कल करत बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी कारणं बघू. पहिलं मीठ. फळं, भाज्या, भिजवलेली डाळ यांत मुळात सोडियम फार थोडं असतं. आमटी, भाजी, पोळी, लोणचं, पापड यांतून रोज पोटात जाणारं मीठ कच्चा आहार सुरू करताच एकदम कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे दिवसभरात मिळून जेमतेम एक सपाट चमचा. आपल्या बहुतेक घरांत त्याहून बरंच जास्त जातं. जीभ त्या जास्तीला सरावलेली असते आणि नव्या चवीला रुळायला तिला काही आठवडे लागतात.

दुसरं कारण सरळ भूक. शंभर ग्रॅम काकडीतून जेमतेम पंधरा कॅलरी मिळतात. ताट भरलेलं दिसतं, पोटही तात्पुरतं भरतं, पण शक्ती पुरत नाही. चार वाजता शरीर फरसाण मागतं तेव्हा ते अनेकदा फक्त अन्न मागत असतं. म्हणून संध्याकाळच्या कच्च्या खाण्यात नुसती काकडी-गाजर चालत नाहीत. त्यात डाळ, ओलं खोबरं, दाणे, तीळ असं अंगाला लागणारं काहीतरी असायलाच हवं.

तिसरं कारण आवाजाचं आहे. ऑक्सफर्डमधल्या मॅसिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स या संशोधकांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बटाट्याचे चिप्स खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांना ऐकवला. आवाज मोठा केला, त्यातल्या उंच पट्टीच्या ध्वनिलहरी वाढवल्या, की तोच चिप लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजा वाटे. कुरकुरीतपणा आपण दातांइतकाच कानांनीही खातो. दिवसभर मऊ फळं आणि स्मूदी घेणाऱ्या माणसाच्या कानांची भूक शिल्लक राहते, आणि ती चार वाजता जागी होते.

आता खरा मुद्दा. कुरकुर दोन प्रकारची असते, कोरडी आणि ओली. शेव, चकली, वेफर्स यांची कोरडी. पदार्थ साधारण १७० ते १८० अंशांच्या तेलात पडला की आतल्या पाण्याची वाफ होऊन ती जोरात बाहेर पडते आणि मागे पोकळ, कडक जाळी उरते. तेल त्या पोकळ्यांत शिरतं, म्हणूनच बटाट्याच्या वेफर्समध्ये वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेलाचा असतो. काकडी, मुळा, कोबी, कैरी यांची कुरकुर ओली. तिथे वनस्पतीची एकेक पेशी पाण्यानं तट्ट फुगवलेल्या फुग्यासारखी असते आणि दात लागताच ती फुटते. पहिल्या प्रकारात पाणी हा शत्रू, दुसऱ्यात पाणी हेच बळ.

कच्च्या आहाराची खरी ताकद ओल्या कुरकुरीत आहे. तरीही या आहाराची पुस्तकं आणि दुकानं कोरड्या कुरकुरीच्या मागे लागलेली दिसतात. ४६ ते ४८ अंशांच्या आत चालणारं वाळवणयंत्र घ्या, त्यात बारा-बारा तास पानं आणि बिया वाळवा, मग ते वेफर्ससारखं लागतं असं माना. ते वेफर्ससारखं लागत नाही. साधारण १४० अंशांच्या पुढे पिठाला, दाण्याला जो तांबूस रंग आणि खमंग वास येतो, तो ४८ अंशांवर कधीच येणार नाही. जे उष्णतेशिवाय मिळतच नाही त्याचा पाठलाग केला, की पदरी निराशा येते आणि माणूस पुन्हा चिवड्याच्या डब्याकडे वळतो.

त्याऐवजी, जे फक्त कच्च्यातच मिळतं त्याच्यामागे जावं. आपली फेसलेली मोहरी घ्या. मोहरी गार पाण्याचा हबका देऊन वाटली की तिच्यातलं एक विकर जागं होतं आणि नाकात जाणारी झणझण तयार होते. उष्णतेनं हे विकर मरतं. म्हणून फोडणीतल्या मोहरीत खमंगपणा असतो, पण झणझण नसते. खलबत्त्यात कच्ची हिरवी मिरची, लसूण आणि मीठ ठेचलं की जो तिखट, हिरवा वास सुटतो तोही तव्यावर टिकत नाही. फरसाणाची उणीव भरून काढायची ती या तिखट-आंबट जोरानं. आंबट आणि तिखट भरपूर असलं की कमी मीठही पुरेसं खारट वाटतं, हा आणखी एक फायदा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

पहिलं, रोजचं. काकडी, गाजर, मुळा, नवलकोल, कोबीचा गाभा, कच्चा पेरू, कैरी यांतलं बाजारात असेल ते बोटाएवढं चिरावं आणि पंधरा-वीस मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवावं. पेशी पाणी ओढून घेतात आणि मलूल गाजरसुद्धा पुन्हा ताठ होतं. मग फडक्यानं कोरडं करावं, लिंबू पिळावं, तिखट भुरभुरावं आणि मीठ अगदी तोंडात टाकताना लावावं. आधी लावलं तर मीठ पाणी बाहेर ओढतं आणि करकर गेलीच. वरून लावलेलं मीठ जिभेला थेट लागतं, त्यामुळे थोडकंच पुरतं.

दुसरं, पोटभरीचं. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ हा महाराष्ट्राचा या विषयातला सर्वोत्तम पदार्थ आहे, असं मी पूर्ण जबाबदारीनं म्हणते. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटलेली, किसलेली कैरी, ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर, मीठ. यातली आग फक्त फोडणीपुरती असते. ती वगळून लाकडी घाण्याचं तेल, चिमूटभर हिंग आणि फेसलेली मोहरी घातली की संपूर्ण कच्चा पदार्थ तयार. डाळ फार बारीक वाटू नये, काही दाणे तर अख्खेच ठेवावेत, कारण आपल्याला दाताखाली येणारी डाळच हवी आहे. कैरी नसेल तेव्हा लिंबू पिळावं, पण मोहरी फेसून झाल्यावर, कारण आंबटपणा आधी गेला तर मोहरी नीट चढत नाही. हरभऱ्याची डाळ ज्यांना जड पडते त्यांनी मुगाची घ्यावी. अर्धी वाटी पुरते.

तिसरं, कोरडी कुरकुर हवीच असेल त्यांच्यासाठी वाळवण. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे यंत्राची गरजच नाही. टोमॅटो, बीट, दुधी यांच्या किसणीवर काढलेल्या पातळ चकत्या, नाहीतर भिजवून चिकट झालेली जवस तिळाबरोबर पातळ थापून, मलमलीखाली दोन-तीन कडक उन्हं दाखवावीत. भोपळ्याच्या बिया रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवल्या तर उत्तम चटकमटक होतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं, म्हणजे एक किलोचे वाळून पन्नास-साठ ग्रॅम उरतात. ओल्या चकतीला चवीपुरतं घातलेलं मीठ सगळं त्या पन्नास ग्रॅमात गोळा होतं. वाळवणाला म्हणूनच मीठ नावापुरतं लावावं. पावसाळ्यात आणि कोकणच्या दमट हवेत हे पदार्थ लगेच सादळतात, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा हवा.

कच्चं म्हणून जे विकलं जातं ते सगळं कच्चं नसतं, हेही माहीत असावं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या काजू कारखान्यांत बी वाफवून किंवा भाजूनच फोडतात, कारण टरफलातला चीक कातडी भाजून काढतो. दुकानातले पांढरे काजू त्यामुळे कच्चे नव्हेत. पोहे, चुरमुरे, फुटाणे यांनाही आच लागलेली असते. पादेलोण पारंपरिक पद्धतीत भट्टीतून काढतात. यांतलं काहीही खाणं वाईट नाही. पण कच्चं म्हणून चढा भाव द्यायचा असेल तर गिऱ्हाइकाला हे ठाऊक हवं. मिठाच्या बाबतीत माझा आग्रह साध्या आयोडीनयुक्त मिठाचा आहे. शेंदेलोण नैसर्गिक म्हणून घरात एकटंच वापरलं आणि आहारात आयोडीनचा दुसरा आधार नसला, तर त्याची किंमत थायरॉइड ग्रंथीला मोजावी लागू शकते.

सुरक्षिततेचा मुद्दा मी सौम्य करून सांगणार नाही. ओलसर, उबदार फडक्यात मोड येतात तसेच जंतूही वाढतात. २०११ साली जर्मनीत ई-कोलायची मोठी साथ आली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. तपासाचा माग मोड आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत पोचला. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मोड कच्चे खाऊच नयेत, वाफवून खावेत. बाकीच्यांनी ताजे, फ्रिजमध्ये ठेवलेले आणि लगेच संपवायचे. राजमा आणि वाल तर मोड आणूनही कच्चे खाऊ नयेत, त्यांतली विषारी द्रव्यं नीट शिजवूनच जातात. खवट किंवा बुरशीचा वास येणारा शेंगदाणा टाकून द्यावा.

राहिला मोठा प्रश्न: दिवसभर, वर्षभर कच्चंच खावं का? जर्मनीतल्या गीसन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ साली कच्चा आहार घेणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पंचेचाळिशीच्या आतल्या साधारण ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली आढळली. शरीर खूप बारीक झालं की असं होतं. गांधीजींनी १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर आणि आश्रमातल्या सहकाऱ्यांवर केला, 'यंग इंडिया'त त्याबद्दल मोकळेपणानं लिहिलं आणि प्रकृती बिघडल्यावर तो थांबवलाही. पुढे १९४६ साली त्यांच्याच प्रेरणेनं पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. आहाराची पथ्यं देखरेखीखाली पाळायची असतात, ही समज अशा संस्थांमुळे आपल्याकडे रुजली. घरच्या घरी, कुणालाही न विचारता महिनोन् महिने फक्त कच्चं खाणं मला धोक्याचं वाटतं. तसं करायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून आणि बी-१२ तपासून करावं.

पण संध्याकाळच्या खाण्याची गोष्ट वेगळी आहे. दुपारच्या जेवणात भाकरी-आमटीला पर्याय शोधणं कठीण आणि अनावश्यकही आहे. चार वाजता मात्र आपण जे खातो ते बहुतेक वेळा तळलेलं, खारट आणि पाकिटातलं असतं. दिवसातली हीच एक वेळ कच्च्या आहाराला द्यावी. इथे त्याचा फायदा सर्वांत जास्त आणि धोका सर्वांत कमी. पूर्ण कच्च्या आहारावर असणाऱ्यांनीही आपली सगळी कल्पकता याच वेळेवर खर्च करावी, कारण निश्चय टिकतो की मोडतो ते इथेच ठरतं.

तेव्हा या आठवड्यात एवढं करून बघा. सकाळी अकरा-बाराला मूठभर डाळ भिजत घाला, गाजर-काकडी चिरून डब्यात गार ठेवा, मिठाची पुडी वेगळी न्या. चार वाजता आधी हे खा. त्यानंतरही फरसाण हवंसं वाटलं तर चार दाणे खाऊन मोकळे व्हा, अपराधी वाटून घेऊ नका. भूक आधीच भागलेली असली की फरसाण मुठीवर थांबतं, पाकीट संपत नाही.